दुनळीची पारख : प्रस्तावना

दुनळी बंदूक हा शब्द मराठीत इतका रुळलेला आहे की त्यातून नेमक्या कोणत्या हत्याराचा बोध होतो, याचा विचार सहसा कोणी करत नाही. दोन नळ्या असलेली कोणतीही बंदूक दुनळीच. परंतु प्रस्तुत पुस्तकाचा विषय त्यातील एका घराण्यापुरता मर्यादित आहे. साधारण १८६० पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत इंग्लंडमध्ये, मुख्यतः लंडन आणि बर्मिंगहॅम या दोन शहरांत, उडते पक्षी टिपण्यासाठी घडवली गेलेली, शेजारी-शेजारी नळ्या असलेली आणि मधोमध मोडून काडतूस भरली जाणारी बंदूक आज विकत घ्यायची झाल्यास ती कशी पारखावी आणि घेतल्यावर कशी वापरावी, हा तो विषय होय. रायफलीच्या नळीला आतून पिळाचे आटे असतात आणि ती एकच गोळी दूरवर नेमकी पाठवते; छर्ऱ्यांच्या बंदुकीची नळी मात्र आतून गुळगुळीत असते आणि ती एका बारात शिशाचे दोन-तीनशे बारीक दाणे पसरत जाणाऱ्या झुबक्याच्या रूपाने सोडते. या नळीचे माप ‘बोर’ने सांगतात. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जिच्यात नेमकी बसेल ती बाराबोरची नळी, आणि तिचा व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. आकडा वाढला की नळी बारीक होते, म्हणून सोळाबोरची बंदूक बाराबोरपेक्षा लहान आणि वीसबोरची त्याहून लहान. हा उलटा हिशेब नवख्याला प्रथम चकवतो.

अशा जुन्या बंदुकीकडे ओढला जाणारा ग्राहक बहुधा तीन गोष्टींना भुलतो : वय, कारागिराचे नाव आणि नक्षी. तिन्हींना बाजारात मोल आहे, पण शिकारीच्या कामी त्यांचा उपयोग फार थोडा. इंग्रजी दुनळी ही मुळात बेतून केलेली वस्तू आहे. ती एका ठरावीक काडतुसासाठी, शिकारीच्या एका ठरावीक पद्धतीसाठी आणि पुष्कळदा एका ठरावीक माणसाच्या अंगकाठीसाठी घडवलेली असते. तिचा दुसरा, तिसरा किंवा सातवा मालक होणाऱ्याने या तिन्ही गोष्टी आधी शोधून काढणे, आणि मग ज्याच्यासाठी ती केलेली नाही असे काही तिच्याकडून न मागणे, यातच तिची सगळी पारख सामावलेली आहे. पुढील प्रकरणे याच धाग्यावर ओवलेली असल्याने, तो धागा येथे थोडा उलगडून दाखवणे आवश्यक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील शिकारी ठासणीची दुनळी वापरत असे. तोंडातून दारू, मग गुद्दी, मग छर्रे आणि पुन्हा गुद्दी ठासायची, आणि बार उडाल्यावर हीच कवायत पहिल्यापासून करायची, अशी तिची रीत होती. पॅरिसच्या काझिमिर लफोशे याने १८३० च्या दशकात नळ्या बुडाशी मोडून मागून काडतूस भरण्याची बंदूक तयार केली आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती इंग्रज बंदूककारांच्या दृष्टीस पडली. पुढील पंचवीस वर्षांत जे घडले त्याला या धंद्याच्या इतिहासात तोड नाही. नळ्या मिटल्यावर त्यांना खालून दोन ठिकाणी जखडणारा जेम्स पर्डीचा खटका १८६३ मध्ये आला. अंगठ्याने बाजूला सारायची वरची कळ आणि हा खटका यांची सांगड विल्यम स्कॉटच्या १८६५ च्या रचनेने घातली. आणि १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्‌स या कारखान्यातील अ‍ॅन्सन व डीली या दोघांनी अशी रचना नोंदवली की नळ्या मोडताना त्यांच्याच वजनाच्या तरफेने आतले घोडे चढावेत. तोपर्यंत घोडे बहुधा बंदुकीच्या दोन्ही अंगांना बाहेर असत आणि अंगठ्याने मागे ओढावे लागत; आता ते पोटात गेले. अ‍ॅन्सन-डीलीच्या या रचनेला ‘बॉक्सलॉक’ म्हणतात, कारण घोडे, कमानी आणि चापाचे अडसर हे सारे नळ्यांमागच्या पोलादी ठोकळ्यातच बसवलेले असते. या ठोकळ्याला धंद्यात ‘ॲक्शन’ असे नाव आहे. याउलट ‘साइडलॉक’मध्ये हीच यंत्रणा दोन सुट्या पट्ट्यांवर उभारून बंदुकीच्या दोन अंगांना जडवलेली असते. साइडलॉक दिसायला देखणा, कारण त्या पट्टीवर नक्षीला जागा मिळते. बॉक्सलॉक साधा, स्वस्त आणि दणकट. शिकारीसाठी बंदूक घेणाऱ्याने साइडलॉकच्या मोहात पडून मधल्या दर्जाची वस्तू घेण्यापेक्षा चांगल्या दर्जाचा बॉक्सलॉक घ्यावा, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रिकामी काडतुसे आपोआप बाहेर फेकणारे ‘इजेक्टर’ही रूढ झाले आणि दुनळीचा आकार जवळपास पूर्ण झाला, त्यानंतरच्या शतकाने तिच्यात मूलभूत अशी भर फारशी घातलेली नाही.

आकार ठरला तो शिकारीच्या पद्धतीतून, आणि पद्धती दोन होत्या. पहिली जुनी : शिकाऱ्याने कुत्र्यांसह शेतातून किंवा माळावरून चालत जायचे, कुत्र्याने पक्ष्याचा वास घेऊन थबकायचे, आणि तितराच्या कुळातला पक्षी समोरून फडफडत उठला की तो दूर जात असताना बार काढायचा. दुसरी पद्धत व्हिक्टोरिया राणीच्या काळात बोकाळली. ती म्हणजे हाक्याची शिकार, ज्यात रान उठवणारे हाकारे फेझंट किंवा ग्राउज पक्ष्यांना रांगेने उभ्या असलेल्या शिकाऱ्यांच्या डोक्यावरून उडवत आणतात. मराठी वाचकाला हाका म्हटले की वाघ किंवा डुक्कर आठवते, पण इंग्लंडात तो कोंबड्यांएवढ्या पक्ष्यांसाठी घातला जाई. हाक्याच्या शिकारीत वेगाला महत्त्व आले. शिकारी एकसारख्या दोन बंदुका घेऊन उभा राही, मागचा नोकर एक भरून देई तोवर तो दुसरी झाडत असे; त्यामुळे ‘जोडी’च्या बंदुका निघाल्या, आणि आज ज्या बंदुकीच्या नळ्यांमधल्या पट्टीवर सोन्याचा १ किंवा २ हा आकडा जडवलेला दिसतो ती अशाच फुटलेल्या जोडीतली एक असते. फ्रेडरिक बीस्ली याने १८८० मध्ये नोंदवलेली आणि पर्डीने विकत घेतलेली, कळ दाबताच आपोआप उघडणारी रचना याच गरजेचे अपत्य होय. या पद्धतीचा अतिरेक कुठवर गेला हे सांगायला एकच दिवस पुरे : १८ डिसेंबर १९१३ रोजी बकिंगहॅमशरमधील हॉल बार्न येथे पाचव्या जॉर्ज बादशहासह उभ्या असलेल्या शिकाऱ्यांनी ३,९३७ फेझंट पाडले. रिपनचा दुसरा मार्क्विस, ज्याची आयुष्यभराची शिकार पाच लाखांहून अधिक नोंदली गेली आहे, तो १९२३ मध्ये ग्राउजच्या माळावरच शिकारीच्या दिवशी मरण पावला. या आकड्यांना कोणी पराक्रम म्हणो. त्यांच्यातून कौशल्य दिसते, तशीच रुचीची उणीवही दिसते. मात्र त्याच चढाओढीने बंदूककारांकडून इतकी हलकी, समतोल आणि टिकाऊ वस्तू घडवून घेतली, हेही नाकारता येत नाही.

पद्धतीप्रमाणे ‘चोक’ही बदलतो. नळीच्या तोंडाशी आतला व्यास किंचित आवळला की छर्ऱ्यांचा झुबका घट्ट राहतो आणि लांबवर पोहोचतो. या आवळण्याला चोक म्हणतात. न्यूकॅसलच्या पेपने १८६६ मध्ये त्याची नोंद केली आणि बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने १८७० च्या दशकात त्याला रूढ केले. पूर्ण चोक म्हणजे साधारण इंचाचे चाळीस हजारांश इतकाच संकोच, पण चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात अजिबात न आवळलेली नळी सुमारे ४० टक्के छर्रे ठेवते, तर पूर्ण आवळलेली ७० टक्के. कुत्र्यापुढून वीस-पंचवीस यार्डांवर उठणाऱ्या पक्ष्यासाठी पूर्ण चोक हा दुहेरी तोटा, कारण नेम चुकतो तेव्हा साफ चुकतो आणि लागतो तेव्हा पक्ष्याचा चेंदामेंदा होतो. जुन्या बंदुकीत उजवी नळी मोकळी व डावी आवळलेली असण्याचा प्रघात आहे, कारण पुढचा चाप उजवीचा आणि पहिला बार जवळच्या पक्ष्यावर.

नावाविषयी एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. इंग्लंडातील एखाद्या बाजारगावच्या दुकानदाराचे नाव पट्टीवर सुबक अक्षरांत कोरलेले असते, आणि ग्राहकाला वाटते की त्या दुकानदाराने ती बंदूक घडवली. बहुतेक वेळा ती बर्मिंगहॅमच्या ‘गन क्वार्टर’ या पेठेत घडलेली असते, जिथे नळ्या ओढणारा एक, ॲक्शनला कानस लावणारा दुसरा, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवणारा तिसरा आणि नक्षी कोरणारा चौथा, असे स्वतंत्र कारागीर शेजारी-शेजारी बसत आणि अर्धवट बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाई. दुकानदार फक्त नाव कोरून घेई. यात फसवणूक काही नव्हती, तशी ती रीतच होती. पण नाव मोठे असल्याने लक्षण खरे ठरत नाही आणि नाव लहान असल्याने खोटेही ठरत नाही. लंडनच्या मोजक्या मोठ्या घरांनी आपल्या बंदुकांच्या क्रमांकनिहाय वह्या जपल्या आहेत, तेथे मात्र क्रमांकावरून बंदूक कधी आणि कोणत्या मापाची झाली हे कळू शकते.

नावापेक्षा कितीतरी बोलका असतो तो प्रूफचा ठसा, आणि या पुस्तकाचे सर्वांत मोठे प्रकरण त्यालाच दिलेले आहे. प्रूफ म्हणजे बंदूक विकण्यापूर्वी तिच्यात नेहमीपेक्षा बराच जास्त बार भरून तो झाडून पाहणे, मग नळ्या तपासणे आणि त्या टिकल्या तर त्यांच्यावर ठसा मारणे. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. घडवणारा आपल्याच मालाला प्रमाणपत्र देत नाही, ते दुसऱ्या घरी होते. सोनारानेच कान टोचावेत, तसा हा प्रकार आहे. हे ठसे नळ्या सुट्या केल्यावर त्यांच्या बुडाशी खालच्या सपाट भागावर दिसतात, आणि ते वाचता आले तर बंदुकीचा अर्धा इतिहास हाती येतो. मुकुटाखाली दोन आडवे-उभे राजदंड असलेला बर्मिंगहॅमचा जुना ठसा १९०४ पूर्वीचा. त्यानंतर मुकुटाखाली अक्षरे आली. नळीच्या बुडापासून नऊ इंचांवर मोजलेला आतला व्यासही ठशातच नोंदलेला असतो, म्हणून आज मोजलेला व्यास आणि ठशातला आकडा यांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला, तर नळी मध्यंतरी आतून तासली गेली आहे आणि जुना ठसा तिला लागू राहिलेला नाही, हे उघड होते. असे तासणे बहुधा गंज काढण्यासाठी झालेले असते. प्रूफबाहेर गेलेली बंदूक विकणे हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे.

ठशांतील सर्वांत निर्णायक भेद दारूचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काडतुसात काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळशाचे मिश्रण असे; ती धूर ओकते आणि तिचा दाब नळीच्या बुडाशी उसळून लवकर उतरतो. नंतर आलेली बिनधुराची दारू, जिला ‘नायट्रो’ म्हणतात, तिची जळण्याची रीत निराळी, आणि काळ्या दारूसाठी पारखलेली नळी तिच्यासाठीही भरवशाची आहे असे मानता येत नाही. नायट्रोची वेगळी चाचणी १८९६ च्या नियमांनी आली, १९०४ मध्ये तिचा स्वतंत्र ठसा आला, १९२५ पासून चेंबरची लांबीही कोरली जाऊ लागली आणि १९५४ नंतर दर चौरस इंचाला किती टन दाब चालेल हेही. म्हणून १८९० च्या एखाद्या देखण्या बंदुकीवर नायट्रोचा ठसा दिसला तर तो नंतरच्या फेरतपासणीचा असतो, आणि तो नसला तर ती बंदूक काळ्या दारूचीच समजावी.

चेंबर म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसते तो किंचित रुंद भाग. जुन्या इंग्रजी बाराबोरचा चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचा असतो, आणि आजचे दुकानातले सामान्य काडतूस बहुधा पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरचे. घातक गोम अशी की काडतुसावर लिहिलेली लांबी ही ते उडाल्यानंतरची, तोंडाची दुमड उलगडल्यानंतरची लांबी असते. भरलेल्या काडतुसाचे तोंड चांदणीसारखे आत दुमडलेले असल्याने पावणेतीन इंची काडतूस अडीच इंची चेंबरमध्ये सहज सरकते, बंदूक टक्‌ करून मिटते, आणि हाताला काहीच वेगळे जाणवत नाही. बार उडाला की दुमड उलगडून चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्ऱ्यांची वाट तेवढी अरुंद होते आणि दाब वाढतो. बंदूक पहिल्या दिवशी फुटेलच असे नाही. कदाचित ती वर्षभर निमूट सोसत राहील आणि तिचे सांधे ढिले होत जातील. बसते म्हणजे चालते, हा समज या एका कारणासाठी टाकून दिला पाहिजे.

प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी बंदूक कशी हाताळावी, याचे सविस्तर वर्णन पुस्तकात आहे. येथे त्याचा एक नमुना पुरेल. प्रथम नळ्यांखालचा लाकडी तुकडा, ज्याला फोरएंड म्हणतात, तो काढून ठेवावा, कारण त्याच्या आतली कमान ढिल्या सांध्याला दाबून घट्ट भासवते. मग बंदूक मिटलेल्या अवस्थेत दस्त्याच्या मानेशी धरून हलवावी. नळ्यांचे बूड आणि त्यामागचा ॲक्शनचा उभा चेहरा यांत किंचितही हालचाल किंवा उजेडाची फट दिसली, तर बिजागरीचा खिळा आणि त्यावर टेकणारा आकडा झिजलेला आहे. आकड्याला हातोडीने ठोकून ही झीज तात्पुरती लपवता येते, आणि तसे ठोके भिंगाखाली दिसतात. मग नळ्या सुट्या करून, बुडाच्या आकड्यात बोट अडकवून अधांतरी लोंबू द्याव्यात आणि बोटाच्या पेराने हलकेच ठोकाव्यात. दोन नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या व खालच्या पट्ट्या शिसे-कथिलाने डाकलेल्या असतात. डाक सलग असेल तर देवळातल्या लहान घंटेसारखा नाद बराच वेळ घुमतो, सुटलेला असेल तर आवाज बद्द येतो, आणि त्या सुटलेल्या फटीतून शिरलेल्या पाण्याने आत गंज धरलेला असतो. त्यानंतर नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आत पाहावे : उजेडाची एकामागून एक एकसारखी वलये दिसली तर नळी सरळ; एखादे वलय अंडाकृती झाले किंवा तुटले तर तेथे पोचा किंवा फुगवटा आहे. शेवटी नळीच्या भिंतीची जाडी. हा आकडा प्रूफच्या कोणत्याही ठशात येत नाही, डोळ्यांना कळत नाही, आणि त्यासाठी खास मापक लागतो. पण तोच बंदुकीचे उरलेले आयुष्य सांगतो. सर्वांत पातळ जागी इंचाचे वीस हजारांश ही मर्यादा जाणकार सर्वसाधारणपणे धरतात, आणि त्याखाली गेलेली नळी कितीही चकचकीत असली तरी विकत घेऊ नये. चकचकीतपणा हाच उलट संशयाचा विषय आहे. आतून आरशासारखी असलेली शंभर वर्षांची नळी म्हणजे बहुधा आतून तासलेली नळी.

जुन्या नळ्यांतील एक जात स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, तो पीळ एका गजाभोवती गुंडाळून आणि तापवून एकजीव केलेल्या नळीला ‘डमास्कस’ म्हणतात. तिच्यावर लाटांसारखी किंवा कुरळ्या केसांसारखी नक्षी उमटते, जी कोरलेली नसून धातूच्या अंगचीच असते. पहिल्या महायुद्धापर्यंत बेल्जियममधील लीएझ हे शहर व त्याचा परिसर या नळ्यांचे मोठे आगर होते. डमास्कस सरसकट धोकादायक, हा समज जितका चुकीचा, तितकाच ती पोलादाइतकीच निर्धास्त, हाही. तिच्या पिळांच्या सांध्यांत दडलेला गंज बाहेरून दिसत नाही, म्हणून नायट्रोचा अलीकडचा ठसा असल्याशिवाय ती भिंतीवरच शोभते. काही बंदुकांच्या नळ्या बुडाशी कापून तेथे नव्या पोलादी नळ्या बसवलेल्या असतात. याला ‘स्लीव्हिंग’ म्हणतात. त्याने संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते, पण शिकाऱ्याच्या लेखी ती बंदूक पुष्कळदा सर्वांत शहाणी खरेदी ठरते.

आता माणसाचा भाग. रायफल नेम धरून मारायची असते. छर्ऱ्यांची बंदूक उडत्या पक्ष्याकडे नुसती रोखायची असते, नजर पक्ष्यावर ठेवून, नळीकडे न पाहता. तिला मागची माशी नसते, मागच्या माशीचे काम डोळाच करतो, आणि डोळा प्रत्येक वेळी त्याच जागी यायचा असेल तर दस्ता शिकाऱ्याच्या गालाला आणि खांद्याला नेमका बसला पाहिजे. म्हणून दस्त्याची लांबी, नळीच्या रेषेपासून त्याचा उतार आणि त्याचा बाजूला दिलेला हलकासा बाक, ज्याला ‘कास्ट’ म्हणतात, ही तीन मापे शिंप्याने अंगरखा बेतावा तशी बेतलेली असतात. उजव्या खांद्याच्या माणसासाठी दस्ता उजवीकडे झुकवतात. डावखुऱ्यासाठी केलेली बंदूक उजव्याने घेतली तर तो आयुष्यभर पक्ष्याच्या एका बाजूला छर्रे टाकत राहील आणि दोष काडतुसाला देईल. चांगला कारागीर तापवलेल्या तेलाने अक्रोडाची मान मऊ करून थोडा बाक बदलू शकतो, आणि हा खर्च खरेदीच्या किमतीतच धरून चालावे.

काडतुसाची निवडही अशीच मापाची. ग्रीनरने घालून दिलेला एक ठोकताळा आजही उपयोगी पडतो : बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या शहाण्णव पट असावे. म्हणजे एक औंस छर्ऱ्यांसाठी सहा पौंडांची बंदूक. याहून हलक्या बंदुकीतून तोच बार काढला तर धक्का माणसालाही सोसवत नाही आणि दस्त्यालाही. सव्वासहा-साडेसहा पौंडांच्या जुन्या बाराबोरला एक ते एक औंस आणि एक-षोडशांश इतकाच बार पुरे. सहा नंबरच्या इंग्रजी छर्ऱ्यांत तो पावणेतीनशेच्या आसपास दाणे देतो आणि पस्तीस यार्डांतल्या पक्ष्याला त्याहून जास्त काही लागत नाही. शिशाचा प्रश्न मात्र वेगळा आणि गंभीर आहे. पाणथळीत पडलेले छर्रे बदके खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे देशभर बंद झाले आणि इंग्लंडातही १९९९ पासून पाणपक्ष्यांसाठी ते निषिद्ध आहे. पर्यायी पोलादी छर्रे कठीण असल्याने जुन्या पातळ व आवळलेल्या नळ्यांना ते मानवत नाहीत. शिशाच्या जवळपास घनतेचा बिस्मथ मानवतो, पण तो महाग आहे. जुनी दुनळी हौसेने घेणाऱ्याने हा खर्च कुरकुरत का होईना स्वीकारावा.

वापरातल्या दोन बारीक गोष्टींकडे पुस्तके सहसा दुर्लक्ष करतात. बहुतेक बॉक्सलॉकमधली सुरक्षेची कळ फक्त चापांना अडवते, घोड्यांना नाही; धक्क्याने झिजलेला अडसर सुटला तर कळ लावलेली असूनही बार होऊ शकतो, म्हणून कुंपण ओलांडताना किंवा माणसांत उभे असताना बंदूक मोडून, काडतुसे काढून ठेवणे एवढाच खरा उपाय. आणि शिकारीहून आल्यावर साफ करून तेल दिलेली बंदूक थोडा वेळ तोंड खाली करून उभी ठेवावी. दस्त्यावर उभी ठेवली तर तेल ॲक्शनमधून लाकडात उतरते, मान काळी व भुसभुशीत होते, आणि वर्षानुवर्षे नेमाने तेल देणाऱ्याचीच बंदूक शेवटी मानेत तडकते.

या विषयाचा मराठी मुलखाशी संबंध दूरचा नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य भारतीयाच्या हातून बंदूक बरीचशी काढून घेतली, पण संस्थानिक, जहागीरदार, गोरे अधिकारी आणि परवानाधारक यांच्याकडे इंग्रजी दुनळ्या येत राहिल्या. भारताचे पक्षिशास्त्रही प्रारंभी याच बंदुकीच्या आधाराने उभे राहिले : अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या सुमारे ८०,००० नमुन्यांपैकी बरेचसे पक्षी कातडी न फाडणाऱ्या, धुळीएवढ्या बारीक छर्ऱ्यांनी टिपलेले होते, आणि मुंबईच्या सलीम अली यांची वाटचालही बालपणी छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीने पाडलेल्या, पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीपासून सुरू झाली. दुसऱ्या टोकाला भरतपूर आहे, जेथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने रद्दच केले. त्यामुळे या पुस्तकातील पक्षिशिकारीचा भाग भारतात लागू नाही, आणि तो वाचून महाराष्ट्रातल्या एकाही तितरावर किंवा बदकावर बंदूक रोखली जाऊ नये. ब्रिटन किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला तेथील परवाना, हंगाम आणि जमीनमालकाची संमती यांच्या चौकटीत तो उपयोगी पडेल; इंग्लंडात ग्राउजचा हंगाम १२ ऑगस्टला आणि फेझंटचा १ ऑक्टोबरला सुरू होतो.

परंतु इथल्या वाचकापाशीही विषय संपत नाही. शेतीरक्षणाच्या किंवा वारशाच्या परवान्यावर आजोबांची इंग्रजी दुनळी सांभाळणारी घरे कोकणापासून विदर्भापर्यंत आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच हत्यारे ठेवता येत असल्याने कोणती ठेवायची आणि कोणती द्यायची, हा प्रश्नही अनेकांपुढे आला. त्यांतील पुष्कळ बंदुका अडीच इंची चेंबरच्या आहेत, काही निव्वळ काळ्या दारूच्या आहेत, आणि बाजारात मिळणारे काडतूस त्यांत बिनतक्रार सरकते. अशा घरांतील परवानाधारकांना एवढीच विनंती की त्यांनी नळ्या सुट्या करून बुडाशी कोरलेले ठसे भिंगाखाली वाचावेत, कागदावर उतरवून घ्यावेत, आणि त्यांचा अर्थ जाणकाराकडून कळेपर्यंत त्या बंदुकीत काडतूस घालू नये.